सातवी ब, द्रव्याचा धडा

अमळनेरात मार्चमध्ये दुसऱ्या तासालाच पत्रा तापतो.
फळ्यावर लिहिलं : द्रव्य.
जे जागा व्यापतं, ज्याला वस्तुमान असतं.
एकेका बाकावर चौघं बसून सातवी ब ने ते उतरवून घेतलं.
जागा व्यापण्याचं प्रात्यक्षिक वेगळं द्यावं लागलं नाही.

स्थायूला डस्टर दाखवला. द्रवाला माझी पाण्याची बाटली.
वायूला काय दाखवावं, तेवढ्यात
शेजारच्या मिरची कांडपाचा पट्टा सुरू झाला
आणि सगळा वर्ग एकदम खोकला.
हा बघा वायू, म्हणालो, दिसत नाही पण पसरतो.
चौथ्या बाकावरून नाक पुसत शमीम झारेकरी म्हणाली,
"सर, ती भुकटी शे. उडनारं स्थायू."
मी नाकाला रुमाल लावून चूक कबूल केली.

मग मिश्रण. कळण्याचं पीठ सांगितलं,
ज्वारी, उडीद, चवीपुरतं मीठ.
मिश्रणातले घटक साध्या भौतिक पद्धतींनी वेगळे करता येतात,
असं म्हटलं, तर पुंडलिक म्हणाला, करून दाखवा.
मी बाटलीतलं पाणी प्यायलो.

मूलद्रव्य म्हणून सोनं लिहिलं
आणि वर्गाने मान वळवून शमीमकडे पाहिलं.
तिची आई शटरं वर जायच्या आधी
सराफ गल्लीतली गटार खरवडते,
कारागिरांच्या बैठकीखालची धूळ पोत्याच्या भावाने घेते.
उभी राहा, असं मी म्हटलंही नव्हतं.

"पहिले चाळनं. मंग काथवटमा पानी.
हालावनं, पन हळू.
माती हलकी, वाही जास. सोनं तळले बठस."
पुस्तकात घनता दीड पान आहे.
"मंग पारा टाकनं. पारा सोनाले धरी लेस."
आणि पारा कसा काढता?
"माय चुल्हावर उडाडस."

पोरं हसली. उडाडस, पाखरासारखा.
मी खडू खाली ठेवला.
वायूला स्वतःचा आकार नसतो,
मिळेल तेवढी जागा तो भरून टाकतो,
हे मीच शिकवलं होतं, वीस मिनिटांपूर्वी.
आणि मला दिवाळीआधीची पालक सभा आठवली,
सहीच्या रकान्यावर तिच्या आईचा हात
थरथरत राहिला होता,
मी समजलो, अक्षरांची भीती असेल,
आणि शाईचा पॅड पुढे सरकवला होता.

शनिवारी सकाळच्या शाळेनंतर बोरीकाठच्या त्या घरी गेलो.
दहा बाय दहा. खिडकी विटांनी बुजवलेली.
कोनाड्यात औषधाची जुनी बाटली, तळाशी पारा,
बोटभर, पण उचलून पाहिली तर मनगट खाली गेलं.
चहा आला. कपाला बशीचा आधार,
बशीला दुसऱ्या हाताचा.
मी समजावलं : उडतो म्हणजे संपत नाही बाई,
तो इथेच असतो, श्वासात, पिठात, पोरीच्या केसांत.
तिने सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, सर, दार उघडं ठेवलं
तर वारा भट्टी फुंकतो,
राखेबरोबर सोन्याचा कणही जातो.
किती जातो? म्हटलं.
तिने अंगठ्याच्या नखाची कड दाखवली.
एवढं. आठवड्याचं तेल-मीठ.

फुंकून चहा प्यायलो. उत्तर पुस्तकात नव्हतं,
माझ्याकडे त्या दिवशी फक्त पुस्तक होतं.

चाचणीत विचारलं, पाऱ्याचे गुणधर्म लिहा.
शमीमने लिहिलं : धातू असून द्रव. चकाकतो.
जड असतो. तापवला की दिसत नाही.
पहिल्या तीन ओळींना बरोबरच्या खुणा केल्या.
चौथ्या ओळीवर पेन किती तरी वेळ तसंच धरून बसलो.

आज ती पहिल्या तासाला आली नाही.
दुसऱ्याला आली, डोळे तांबारलेले.
उशीर का, विचारलं.
म्हणाली, चूल आता अंगणात मांडली,
वारा पडल्याशिवाय पेटवता येत नाही,
आणि काल वारा
रात्री दीडला पडला.